लीडर व्हायला पाठवली, आली ती भांडी घासत

जुलै-ऑगस्ट आला की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक ठरलेली तक्रार येते. "मॅडम, एवढा खर्च करून परदेशात लीडरशिप शिकायला पाठवलं, आणि आता नुसतं दुसऱ्यांसाठी राबणं चाललंय. असं मूल पुढं कसं जाणार?" आईबाप बदलतात, वाक्य तेच.

त्यातल्याच एका मायलेकींची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. अमेरिकेत सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, निरनिराळ्या देशांतली वीसेक मुलं, विषय 'सेवक-नेतृत्व', म्हणजे आधी इतरांची सेवा, मग नेतृत्व. स्वयंपाक, झाडलोट, भांडी पाळीपाळीनं. ज्याच्याकडे त्या आठवड्याचं नेतृत्व, तो सगळ्यांत शेवटी जेवणार. परत आल्यावर ही कॉलेजच्या फेस्टची प्रमुख झाली. पोस्टर हीच चिकटवणार, जेवणाची कुपनं हीच मोजणार, ज्युनिअरची असाइनमेंटही हीच लिहून देणार. झोपायला रात्रीचे दोन.

पहिल्या दोन भेटींत मीही सरधोपट वाटेनं गेले. नाही म्हणायला शीक, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅम, नाही म्हणत राहिले तर मी पुन्हा पहिल्यासारखी होईन." मी वहीत तेवढंच वाक्य लिहून घेतलं. तिच्या लेखी तिला काही झालेलंच नव्हतं, ती सुधारली होती.

तिसऱ्या वेळी आईलाही बोलावलं.

"हे लीडरचं लक्षण आहे का, तुम्हीच सांगा मॅडम."

"आई, जो सगळ्यांची सेवा करतो तोच खरा लीडर."

आई लेकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बावीस वर्षं मी घरात तेच करतेय. मला कुणी लीडर म्हटलं नाही."

अशा वेळी काहीतरी शहाणं बोलायचा मोह होतो. मी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचं ते न बोलणं मला अजून सुखावतं. उत्तर समोरच्याकडेच असतं, आपण फक्त जागा करून द्यायची, अशी माझी जुनी श्रद्धा आहे. लेक रडली. आई रडली नाही, तिनं पर्समधून रुमाल काढून लेकीला दिला. म्हणजे पुन्हा सेवाच!

त्या रात्री मी या सेवक-नेतृत्वाच्या विचाराचं मूळ पुन्हा काढून बसले. रॉबर्ट ग्रीनलीफ हा माणूस अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत जवळपास चार दशकं काढून निवृत्त झाला आणि 1970 मध्ये त्यानं यावर निबंध लिहिला. कल्पना सुचली एका जर्मन कादंबरीतल्या नोकरावरून. तो नोकर निघून जातो आणि अख्खा जथा विस्कटतो. खरा नेता तोच होता, हे पुढं कळतं. मला ही गोष्ट अर्धीच पटते. कारण ग्रीनलीफनं स्वतःच कसोटी दिलीय: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का? आपण गेल्यावर जथा विस्कटत असेल, तर या कसोटीवर कुठंतरी उणंच पडतं.

आपल्याला हे गोदाकाठी जास्त सोपं कळतं. गाडगेबाबांच्या धर्मशाळेवरून आपण रोज जातो. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, पण रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. गाव जन्मभर बाबांनीच झाडायचं, असा तो बेत नव्हता.

पुढच्या भेटीत मी तिला एवढंच विचारलं, "तुझ्या सेवेनं आतापर्यंत कोण मोठं झालं?" बराच वेळ गेला. मग तिला तिथला भात आठवला. "वीस जणांचा भात मी करपवला होता. त्या आठवड्याची लीडर केनियाची मुलगी होती. शेजारी उभी राहिली, पण पातेल्याला हात लावला नाही. 'पुन्हा लाव, मी थांबते,' म्हणाली. तेव्हा मला तिचा एवढा राग आलेला!" आणि मग हळूच, "मॅम, दुसरा भात छान झाला होता."

भांडी घासणं डोळ्यांना दिसतं, म्हणून मुलं तेवढंच घेऊन घरी येतात. शेजारी नुसतं थांबणं कुणाच्या फोटोत येत नाही. म्हणून मूल परत आलं की 'काय शिकलास' विचारू नका. तिथं कुणी तुझ्यासाठी काय करायचं टाळलं, ते विचारा. मदत करताना ते हसतंय की कुढतंय, बघा. एक दिवस थांबता येतंय का, हेही बघा. थांबलं की जीव कासावीस होत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर मात्र कुणाशी तरी बोलायला घेऊन या. आणि घरात हेच काम कुणावर न विचारता पडलंय, तेही एकदा मोजा. आपण निवडलेली सेवा आणि गळ्यात पडलेली सेवा लांबून सारखीच दिसते.

फेस्टला कुपनं ज्युनिअरनं मोजली. हिशेब चुकला, पुन्हा लागला.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. आवाजात तक्रार. "मॅडम, रविवारी धाकट्यानं भात लावला आणि करपवला. ही बाजूला उभी राहून नुसती बघत होती."

"आणि तुम्ही?"

"मी पेपर वाचत होते."