बीबीसी मायक्रोसाठी कोणते बेसिक?

दारव्ह्याच्या शाळेच्या अडगळीतून मिळालेल्या बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश संगणकात बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची कोणती आवृत्ती बसवावी, असे तुम्ही विचारले आहे. तो बहुधा शाळांत संगणक शिकवण्यासाठी 1984 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातला असावा. त्यामुळे नवे बेसिक शोधण्यापूर्वी आत कोणते आहे ते पाहावे. यंत्र सुरू करताच रिपोर्ट ही आज्ञा द्यावी. 1981 दिसल्यास बेसिक एक, 1982 दिसल्यास बेसिक दोन.

माझे मत बेसिक दोनच्या बाजूने आहे. पहिल्या आवृत्तीत ओपनइन ही आज्ञा फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडत असे. दुसरीत ते काम ओपनअपकडे गेले आणि ओपनइन केवळ वाचनापुरती उरली, म्हणून जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत लिस्ट केल्यावर ओपनइनच्या जागी ओपनअप दिसले, तर टेप खराब झाली असे समजू नये. प्रोग्रॅममधून ऑपरेटिंग सिस्टिमला आज्ञा पाठवणारी ऑससीएलआय ही उपयुक्त आज्ञाही दुसरीतच आहे. हाय-बेसिक ही बाहेरून जोडायच्या दुसऱ्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती मात्र तो जोडलेला नसेल तर घेऊ नये.

बेसिक ज्या चिपमध्ये साठवलेले असते ती रॉम बदलताना वीजजोडणी काढावी आणि चिपची खाच जुन्या चिपप्रमाणेच ठेवावी. आपल्याकडे कृषिपंप सुरू होताच व्होल्टेज कोसळते, तेव्हा स्टॅबिलायझर हवाच. पण त्याआधी पॉवर सप्लायमधील जुने फिल्टर कपॅसिटर बदलून घ्या, कारण ते धूर सोडून फुटतात.