सामना सुरू झाला की मुलगा भडकतो. तो रागीट आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा १५ वर्षांचा, ऐरोलीत कबड्डी खेळतो, उजव्या कोपऱ्यावर. सरावात उत्तम. सामन्यात मात्र हात गार पडतात आणि पहिली पकड सुटली की पंचांशी हुज्जत, समोरच्याला धक्काबुक्की. सर म्हणतात, "अग्रेसिव्हच पाहिजे!"

मी कळव्यात पोरांना कबड्डी शिकवतो. तुमच्या वर्णनावरून मला तो रागीट नाही, घाबरलेला वाटतो. मनासारखं झालं नाही की माणूस अंगावर धावतो, असं मानसशास्त्रज्ञ जॉन डॉलर्ड आणि सहकाऱ्यांनी १९३९ साली मांडलं होतं. लेनर्ड बर्कोविट्झनी १९८९ मध्ये त्यात सुधारणा केली. अपयशच कशाला, वेदना, उकाडा, काहीही नकोसं झालं तरी डोकं फिरू शकतं. (मे महिन्यात भर दुपारी सामने लावणाऱ्या मंडळांनी हे वाचावंच.)

सरांचं म्हणणं अर्धं खरं. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे आला की झडप घालून घोटा आवळायचा, हा खेळच आहे. चढाई संपल्यावर त्याला कोपर मारली तर ती नुसती चीड. वर पिवळं कार्ड मिळालं की २ मिनिटं बाहेर, आणि कोपरा उघडा.

गार हात, धडधड ही शरीराची भीती. क्रीडा मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्सच्या मांडणीप्रमाणे ती खेळ सुरू झाला की बहुतेक ओसरते, तिच्या मागे लागू नका. "सुटला तर सगळे काय म्हणतील" हे डोक्यातलं मात्र सामनाभर कमी-जास्त होत राहू शकतं, आणि पकडीला उशीर होतो तो तिथे. तिथे "शांत हो" कामाचं नाही, काहीतरी करायला द्यावं लागतं. पकड सुटली की आपल्या जागी यायचं, लांब श्वास सोडायचा, शेजाऱ्याचा हात धरायचा, नजर पुढच्या चढाईपटूच्या पायांवर. हे सरावात घोटून घ्या. सरांना सांगून त्याच्याविरुद्ध मुद्दाम एखाददुसरा चुकीचा निर्णयही द्यायला लावा, बाकीच्या पोरांना ओरडू दे. आमच्याकडे हे हमखास करतो. पोरं आधी चिडतात, मग हसायला लागतात.

घरी-शाळेतही हात उगारत असेल, किंवा आदल्या रात्री झोप उडून उलट्या होत असतील, तर समुपदेशकाकडे जरूर न्या. आणि परतताना रिक्षात "कसा काय सुटला रे?" नको. तो विषय सर काढतील, पुढच्या सरावाला.