ठाण्यात घरच्या घरी सॉसेज आणि भाज्या घालून चौघांना पोटभर होईल असा इटालियन पद्धतीचा पास्ता कसा करावा?

आधी सॉसेजचं बोलतो, कारण माझी पहिली खेप तिथेच फसली. ‘सॉसेज फोडून परता’ असं रेसिपीत होतं. मी फ्रोजन चिकन सॉसेज आणली, ती रबरासारखी, फुटेचनात. ती आधीच शिजवलेली आणि गुळगुळीत वाटलेली असतात, त्यांच्या चकत्याच होतात. रेसिपीतलं इटालियन सॉसेज, म्हणजे साल्सिचा, हा आवरणात भरलेला डुकराचा कच्चा, जाडसर खिमा. वरचं आवरण काढलं की मोकळा होतो.

तेव्हापासून मी सरळ खिमाच आणतो. चिकनवाल्याला 400 ग्रॅम मांडीचा जाडसर खिमा करायला सांगा, छातीचा कोरडा पडतो. दोन चमचे बडीशेप किंचित भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटा. ती, सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, मिरपूड, चिली फ्लेक्स, मीठ आणि चमचाभर व्हिनेगर खिम्याला चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. सॉसेजची ओळख त्या बडीशेपेत आहे. गरम मसाल्याच्या डब्याला मात्र हात लावू नका, नाहीतर खिमापाव होईल.

पसरट कढईत तेल तापवून खिमा पसरा आणि गप्प उभे राहा. आधी पाणी सुटून तो नुसता रटरटतो. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरचर सुरू होते आणि खालून तपकिरी खरपूस थर धरतो. आता उलथन्याने मोडा, पण बोराएवढे गोळे राहू द्या. काढून ठेवा, आणि त्याच कढईत कांदा, मशरूम, सिमला मिरची, मग सहा पिकलेले टोमॅटो. तळाला चिकटलेलं सगळं टोमॅटोच्या रसात सुटतं. आपले टोमॅटो आंबट, चिमूटभर साखर लागते.

दक्षिण इटलीत पुलियाकडे पास्त्यात चीमे दी रापा नावाची कडवट पालेभाजी घालतात. मी मुळ्याचा कोवळा पाला घालतो. जांभळी नाक्याला भाजीवाली तो मोडून टाकायला निघते, तिला थांबवावं लागतं!

पास्ता ड्युरम गव्हाचाच घ्या. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. मैद्याचा गिचका होतो. 400 ग्रॅमला चार लिटर पाणी, 40 ग्रॅम मीठ, तेल नाही. पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर 9 मिनिटांनी उपसा, वाटीभर पाणी राखून. ते पाणी आणि खिमा घालून उरलेली दोन मिनिटं सॉसमध्येच शिजवा. वर पार्मेझान, नसेल तर चीजचा एखादा क्यूब किसून.

पास्ता थांबत नाही, दहा-पंधरा मिनिटांत सगळा रस पिऊन बसतो. मी घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतो. पाहुणे माजिवड्याला अडकलेत तोवर फक्त पाणी उकळत ठेवतो; त्यापुढचा मानपाडा सोडल्याचा फोन आला की पास्ता टाकतो.