विचारा की भो! : साहेबाच्या खेड्यात कोण कोण राहायचं?

राम राम मंडळी. मागच्या अंकात बलुतेदारीवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती निम्मी विलायतेकडं वळलेली, कारण आता खान्देशातल्या बऱ्याच घरातलं कोणी ना कोणी तिकडं जाऊन राहिलंय. म्हणून यावेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतली.

प्रश्न : अण्णा, माझा पुतण्या इंग्लंडात लिंकनशायर भागात एका खेड्यात भाड्यानं राहतो, हॉस्पिटलात नोकरीला आहे. घरमालकानं त्याला गावाच्या जुन्या डिरेक्टरीचं पान दाखवलं, १८९० च्या आसपासचं. त्यानं फोटो काढून मला व्हॉट्सअपला टाकला. वर लिहिलंय गावची लोकसंख्या चारशेच्या वर, पण खाली नावं मोजली तर तीस पण भरत नाही. बाकीचे लोक गेले कुठं? (एक वाचक, पारोळा)

जिभाऊ, बाकीचे लोक शेतात होते. गंमत नाही करत, खरंच. त्या डिरेक्टऱ्या, म्हणजे गावोगावची माहिती आणि नावांच्या याद्या छापलेली पुस्तकं, सरकारी कागद नव्हेत, तो धंदा होता. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे 'केली' (Kelly) आडनावाच्या माणसाचं. हा माणूस टपाल खात्यातला अधिकारी, १८३० च्या दशकात लंडनची डिरेक्टरी हाती घेतली आणि माहिती गोळा करायला खात्याचेच पोस्टमन जुंपले, त्यावरून बोंब पण झाली. पुढं त्यानं जिल्हावार पुस्तकं काढली. शेफिल्डचा व्हाइट म्हणून दुसरा होता, तो पण हेच करायचा. आता हे जाड पुस्तक विकत कोण घेणार? शहरातला व्यापारी, वकील, बियाणंवाला, ज्याला खेड्यात माल खपवायचाय किंवा पत्र पाठवायचंय तो. मग त्याच्या कामाची माणसं तेवढी पानावर, बाकीची फक्त आकड्यात.

पुतण्याला म्हणा पान वरून खाली नीट वाच, त्याची एक ठरलेली चाल असते. आधी गाव कुठं, स्टेशन किती मैलावर. मग चर्च, पाद्री कोण आणि त्याला नेमायचा हक्क कोणाकडं. मग गावची जमीन मुख्यतः कोणाच्या मालकीची, माती कशी, पिकं कोणती (गहू, जव, टर्निप हे तिकडचे नेहमीचे), एकर किती, कराची आकारणी किती, शिरगणतीत डोकी किती. मग टपाल, शाळा, आणि शेवटी नावं, ती पण दोन गटात. पहिल्यात नुसते राहणारे, म्हणजे पाद्री, निवृत्त फौजी साहेब, उत्पन्नावर जगणारी एखादी विधवा बाई. दुसऱ्यात धंदेवाले, म्हणजे शेतकरी, लोहार, सुतार, पिठाची गिरणीवाला, दुकानदार, दारूच्या गुत्त्याचा मालक. आणि इथला 'शेतकरी' म्हणजे आपला दोन एकरवाला नव्हे बरं का, बहुतेक मोठ्या जमीनदाराची शेकडो एकर जमीन खंडानं घेऊन मजुरांकडून कसून घेणारा माणूस असायचा.

राबणारे मजूर, त्यांच्या बायका, पोरंबाळं, मोठ्या घरातल्या मोलकरणी, यातलं एक नाव पानावर नाही. लिंकनशायरात तर वर्षाच्या बोलीनं गडी ठेवायची पद्धत होती, मे महिन्यात बाजाराच्या गावात गड्यांची जत्राच भरायची, उभ्या उभ्या सौदा ठरायचा. आपल्याकडं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल ठरतं ना, तेच, महिना पण जवळपास तोच. आणि सालदाराचं नाव आपल्या सातबाऱ्यावर तरी कुठं असतं? पिढ्यान् पिढ्या एकाच मळ्यावर राबलेला माणूस, कागदावर त्याचा पत्ता नाही. तेव्हा साहेबाला नावं ठेवायच्या आधी आपलं दफ्तर पण बघून घ्या.

ती माणसं सापडतात पण, फक्त दुसऱ्या कागदात. इंग्लंडात १८४१ पासूनच्या शिरगणतीत घराघरातली नावं टिपलीत आणि शंभर वर्षं झाली की ती लोकांना खुली होतात, १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची मात्र कधीच नाही मिळणार, १९४२ मध्ये आग लागून सगळी जळाली, आणि १९४१ ची युद्धामुळं झालीच नाही. १८४१ च्या मागं जायचं तर चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची वही, ती ठेवायचा हुकूम १५३८ सालचा आहे. १८९० चं पान हातात असेल तर १८९१ ची शिरगणती शेजारी ठेवा, चारशेच्या चारशे माणसं उभी राहतील, वयासकट.

प्रश्न : तिकडच्या सुतार-लोहारांना पण बलुतं मिळायचं का? आणि यादीत चाकं करणारा वेगळा आणि 'कॅरियर' म्हणून एक जण वेगळा दिसतो, हे काय काम? (एक वाचक, चाळीसगाव)

बलुतं नाही भो. आपल्याकडं सुगीला खळ्यावरून धान्य, वर्षभराची बांधिलकी. तिकडं कामाचे पैसे, उधारी असली तरी हिशोब पैशातच. पण खेड्यात एका धंद्यावर पोट कुठं भरतं, म्हणून एकाच नावापुढं दोन दोन धंदे दिसतात, लोहार आहे तोच बिअर विकतो, सुतार आहे तोच मयताच्या पेट्या करतो आणि अंत्यविधीची सोय पण बघतो.

चाकवाल्याचं काम मला फार आवडतं म्हणून जरा सांगतो. इंग्रजी गाडीच्या चाकाला तीन जातीची लाकडं लागायची. तुंबा एल्मचा, कारण ते लाकूड भोकं पाडली तरी सहजासहजी फाटत नाही. आरे ओकचे, भार पेलायला. आणि बाहेरचे पुठ्ठे अॅशचे, ते लाकूड हबके खाऊन पण तुटत नाही. आपल्या सुताराचा भर बाभळीवर. तिकडं लाकूड कापून ठेवल्यावर वर्षानुवर्षं सुकवायचे, बाप लाकूड रचून ठेवणार आणि पोरगा ते वापरणार असा मामला. पण शेवटचं काम दोन्हीकडं सेम टू सेम. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, जाळात लाल करायची, दोघा-तिघांनी सांडशीनं धरून चाकावर बसवायची, लाकूड पेटायला लागतं, धूर डोळ्यात जातो, की लगेच वरून पाणी. धाव आवळते, सांधे कडाकड बसतात, चाक एकजीव. म्हणून तिकडं पण चाकवाल्याचं आणि लोहाराचं दुकान बऱ्याचदा शेजारीशेजारी.

आणि कॅरियर म्हणजे गाडीवाला. बाजाराच्या दिवशी सकाळी गावातून निघणार, गिऱ्हाइकांची अंडी, लोणी, कोंबड्या, एखाद-दोन म्हाताऱ्या, आणि कोणाची काय काय आणायची यादी, हे सगळं घेऊन तालुक्याच्या गावी एका ठरलेल्या खानावळीपाशी गाडी सोडणार, दुपारी परत. डिरेक्टरीत वार आणि खानावळीचं नाव दोन्ही छापलेलं असतं. आपली बाजाराच्या दिवशीची कालीपिली, फक्त घोड्याची, आणि माणसं जरा कमी कोंबलेली.

प्रश्न : अण्णा, पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच ना? तिथं सरपंचाला किती पॉवर असते? (एक ग्रामपंचायत सदस्य, शिंदखेडा)

दिसायला ग्रामपंचायत, पण हातात फार कमी. आधी सगळा कारभार चर्चच्या बैठकीतून चालायचा, गरिबांना मदत द्यायची ती पण आणि गावचे रस्ते पण. रस्त्याचं तर १५५५ च्या कायद्यानं प्रत्येकाला वर्षाला चार दिवस फुकट राबावं लागायचं, पुढं सहा केले. वेठच म्हणा ना. पुढं गरिबांचं काम १८३४ नंतर बरीच गावं मिळून केलेल्या, तालुक्यासारख्या युनियनकडं गेलं (आणि म्हातारपणी वर्कहाउसात, म्हणजे गरिबांना ठेवून राबवून घ्यायच्या घरात, जायची भीती गावाला बसली), आणि १८९४ च्या कायद्यानं चर्चपासून वेगळी, निवडून दिलेली पॅरिश कौन्सिल आली. तीनशेच्या वर वस्ती असेल तर कौन्सिल, त्यापेक्षा लहान गावात नुसती सभा भरायची, आपल्या ग्रामसभेसारखी.

आज तिच्याकडं काय? बाकडी, बसथांब्याची शेड, खेळाचं मैदान, दफनभूमी, गावचा हॉल, भाजीपाला लावायला भाड्यानं द्यायचे जमिनीचे तुकडे. बांधकामाच्या परवानगीवर मत देता येतं, निर्णय वरचा. कचरा उचलणं बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्टकडं, रस्ते आणि शाळा काउंटीकडं, पाणी तर १९८९ पासून खाजगी कंपन्यांकडं. म्हणजे आपल्याकडं ज्या दोन गोष्टींवर निवडणूक लढवली जाते, नळाचं पाणी आणि गावातले रस्ते, त्या दोन्ही तिकडच्या अध्यक्षाच्या हातात नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगतो. गावाला किती पैसे लागतात ते कौन्सिल स्वतः ठरवते आणि तो आकडा लोकांच्या कराच्या बिलात वेगळा दिसतो. निधी कधी येईल म्हणून वर बघत बसायला नको. आणि ग्रामसेवकासारखा जो क्लार्क असतो तो कौन्सिलनं स्वतः नेमलेला, वरून बदलीवर आलेला नाही. हे आपल्याकडं करा म्हटलं तर भांडणं किती होतील ते मला माहितीये, तरी मला ते बरं वाटतं.

प्रश्न : त्या यादीत बायका होत्या का? (एक शिक्षिका, शहादा)

हाव, होत्या, पण नवरा नसलेल्याच जास्त. विधवा झाली आणि शेत किंवा गुत्ता पुढं चालवला तर तिचं नाव. शाळेतली बाई, पोस्ट सांभाळणारी, किराणा दुकानवाली, शिवणारी. नवरा हयात असताना दुकानात दिवसभर बायकोच उभी असली तरी पाटी त्याचीच. राजकारणात मात्र १८९४ च्या त्याच कायद्यानं बायकांना, लग्न झालेल्यांना सुद्धा, पॅरिश कौन्सिलसाठी मत देता आलं आणि उभं राहता आलं. पार्लमेंटचं मत मिळायला १९१८ उजाडलं, ते पण तिशीच्या पुढच्यांना आणि अटी घालून. जागा राखीव ठेवणं तिकडं नाही, आपल्याकडं पंचायतीत एक तृतीयांश १९९३ पासून आणि महाराष्ट्रात निम्म्या २०११ पासून. सरपंचाच्या खुर्चीवर खरं कोण बसतं हा विषय वेगळा आहे, ताई, त्याचं पत्र वेगळं पाठवा.

प्रश्न : आमच्या गावाचं असं एक पान तयार करायचं म्हटलं तर कागद कुठं मिळतील? (कॉलेजातली दोन पोरं, अमळनेर)

लई भारी काम काढलंत. आधी १८८० चं खानदेशचं गॅझेटियर काढा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, नेटवर फुकट मिळतो. पिकं, बाजार, रस्ते, जाती-धंदे, सगळं आहे, पण लिहिणारा साहेब आहे हे डोक्यात ठेवून वाचा, विशेष करून भिल्लांबद्दलचं. एक लक्षात असू द्या, तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, १९०६ ला पूर्व-पश्चिम झाला, म्हणून जळगाव जिल्हा म्हणून शोधाल तर काही हाती नाही लागणार. मग शिरगणतीची जिल्हा पुस्तिका, त्यात गाववार आकडे असतात.

नावांसाठी तीन ठिकाणं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, त्यात पोराच्या नावासोबत बऱ्याचदा बापाचा धंदा पण लिहिलेला असतो. तहसीलमधलं कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदीचं, हल्ली जातीच्या दाखल्यासाठी सगळे त्याच्याच मागं आहेत त्यामुळं रेकॉर्ड रूमचा माणूस आधी वैतागेल, चहा पाजा. त्यात मजूर-सालदारांची घरं पण सापडतात, सातबाऱ्यात नसलेली. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरांचा. जुनी पानं मोडी लिपीतली निघाली तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन विचारा. आणि विलायती पान कसं दिसायचं ते बघायचं असेल तर लेस्टर विद्यापीठानं जुन्या डिरेक्टऱ्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात. तुमचं पान झालं की इकडं पाठवा, छापू, फक्त सालदारांची नावं गाळू नका.