इतिहास-भूगोल शिकवायला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील माध्यमिक शाळेत तुझी नेमणूक झाली आणि पाचवी ते दहावीच्या वर्गांचे सामाजिक शास्त्रांचे तास तुझ्याकडे आले, हे वाचून फार समाधान वाटले. वार्षिक नियोजनाला बसण्यापूर्वी काय ध्यानात ठेवावे, असे तू विचारले आहेस. माझे सांगणे मुख्यतः एकच आहे. पाठ्यपुस्तकातले विधान मुलांनी पाठ करण्याआधी ते कशावरून लिहिले गेले हे त्यांना विचारू दे, आणि जिथे शक्य असेल तिथे ते आपल्या गावात पडताळून पाहू दे. पाचवीला परिसर अभ्यास, सहावीपासून इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल, नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र अशी पुस्तकांची विभागणी सोयीसाठी आहे; मुलांच्या गावात मात्र हे सारे एकमेकांत मिसळलेले असते आणि ते तसेच त्यांना दिसले पाहिजे.

तुला मिळालेला तालुका या दृष्टीने फार मोलाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या, तुमच्या तालुक्यातल्या दहिवडीच्या परिसरात त्याचा दहावा हिस्सासुद्धा पडत नाही. पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड असल्याने कमी पाऊस मिळणारा, प्रदेश म्हणजे काय, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण राज्यात शोधावे लागणार नाही. शिवाय ते एकाच जिल्ह्यातले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा मिळव, माणगंगा नदीचा प्रवाह मुलांना बोटाने शोधू दे, समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा कुठे दाटतात आणि कुठे विरळ होतात ते पाहू दे. आपली वाडी नकाशात सापडली की मुलांचा नकाशाशी असलेला परकेपणा संपतो.

तिथूनच १९७२च्या दुष्काळाकडे जावे, असे मला मनापासून वाटते. तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी तो दुष्काळ पाहिलेले आजी-आजोबा आहेत. त्या वर्षी दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत, आणि त्यावेळी स्वतः सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडणारे तर त्याहून वृद्ध आहेत. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नकोस. आठवी-नववीच्या मुलांना मोजके प्रश्न देऊन पाठव: कोणत्या कामावर जात होता, तिथवर किती चालावे लागे, मजुरी कशी मिळे, घरी काय शिजत होते, गावातून मुंबईला कोण गेले आणि परत कोण आले. मिलो नावाच्या लाल ज्वारीची आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची आठवण बहुतेक घरांत निघेल. गावाजवळचा पाझर तलाव त्याच वर्षीच्या कामातून झाला का, हेही विचारायला सांग. तसे असेल तर मुलांना घेऊन तलावाच्या बांधावर जा.

मात्र मुलाखती वह्यांत उतरल्या म्हणजे पाठ झाला, असे समजू नकोस. खरे शिकवणे त्यानंतर सुरू होते. सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय काय होते, ती गोष्ट त्याने स्वतः पाहिली की ऐकली, हे प्रत्येक नोंदीसोबत लिहायला लाव. दोन आजींचे सांगणे जुळले नाही तर एकीला चुकीचे न ठरवता दोन्ही नोंदी समोरासमोर ठेव आणि फरक का पडला असावा यावर वर्गात चर्चा कर. म्हातारपणी वेगवेगळे दुष्काळ एकमेकांत मिसळतात. ती नैसर्गिक गोष्ट आहे, आणि आठवण हाही तपासून घ्यायचा पुरावा आहे हे मुलांना याच वयात उमगते. मग शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याकडे वळ. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तिथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पोहोचली, १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि पुढे २००५ साली संसदेने देशासाठी तसा कायदा केला. कायदा कुठून येतो, या प्रश्नाचे इतके जवळचे उत्तर मुलांना क्वचितच मिळते.

पुराव्याची हीच सवय मुलांच्या आवडीच्या पाठांनाही लागू दे. अफझलखानाचा प्रसंग चौथीतून आलेल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतो आणि प्रतापगड तुमच्याच जिल्ह्यात आहे. १० नोव्हेंबर १६५९ची ती घटना आहे. अज्ञानदास या शाहिराचा पोवाडा त्या काळाच्या अगदी जवळचा आहे, तर कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला लिहिली गेली. हे दोन्ही कोणी, कोणासाठी, केव्हा लिहिले, एवढेच सहावी-सातवीच्या मुलांना विचार. असे विचारल्याने महाराजांविषयीचा आदर कमी होईल, अशी शंका एखादा पालक काढेल. त्याला शांतपणे सांग की ज्या कर्तृत्वाला भक्कम पुरावा आहे ते पुराव्यासकट शिकवल्याने मुलांच्या मनात अधिक खोल रुजते.

नागरिकशास्त्राबद्दल मात्र मी तुला थोडे आग्रहाने लिहिते, कारण बहुतेक शाळांत ते वर्षाच्या शेवटी घाईने उरकले जाते. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, हे वाक्य लिहून घेण्यापेक्षा ग्रामसभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर कशी लागते ते मुलांनी वाचावे. आपल्या सरपंचांना वर्गात बोलाव. राज्यात ग्रामपंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने त्या बाई असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असेल तर सभेत स्वतः बोलण्याचा त्यांचा अनुभव मुलींना जरूर ऐकू दे. नळाचे पाणी कोणाच्या अखत्यारीत, शाळेकडे येणारा रस्ता कोणाचा, अंगणवाडीची जबाबदारी कोणाची, हे मुलांनी विचारून शोधावे आणि एखाद्या खऱ्या अडचणीसाठी योग्य कार्यालयाला नीट अर्ज लिहावा. वर्गप्रतिनिधीची निवडणूक गुप्त मतदानाने घे, आणि मतमोजणी मुलांच्या हाती दे.

समतेचा पाठ शिकवताना फार जपून राहा, पण तो टाळू नकोस. पाण्याचा विषय निघाला की गावात कोणाची विहीर कोणासाठी होती हा प्रश्न आपोआप येतो, आणि तिथूनच २० मार्च १९२७च्या महाडच्या चवदार तळ्यापर्यंत जाता येते. अशा वेळी कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा प्रतिनिधी करून उभे करू नये. त्याच्या घरचा अनुभव त्याने स्वतःहून सांगितला तरच ऐकावा. याच जिल्ह्यात, साताऱ्याच्या सरकारी शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहान भीमरावांचा प्रवेश झाला. त्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद आजही जपलेली आहे आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेचे साधे रजिस्टर हाही इतिहासाचा कागद असतो, हे मुलांना सांगण्यासाठी तो दिवस उत्तम आहे.

परीक्षेची चिंता तुला दहावीच्या वर्गामुळे वाटते आहे. इतिहास-राज्यशास्त्राच्या आणि भूगोलाच्या चाळीस-चाळीस गुणांच्या लेखी परीक्षांसाठी सराव लागतोच आणि तो तू दुसऱ्या सत्रात नीट करून घेशील. कारणे लिहा या प्रश्नापाशी अडखळणारी मुले तुला अधिक भेटतील, आणि वर सांगितलेल्या कामाचा पहिला उपयोग तुला तिथेच दिसेल.

दुष्काळाच्या मुलाखती सांगणाऱ्यांची परवानगी घेऊन, तारीख व गावाच्या नोंदीसह शाळेच्या ग्रंथालयात ठेव, म्हणजे पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्यांत भर घालू शकतील. नकाशा मिळवताना अडचण आली तर कळव; माझ्याकडे माण-खटाव भागाचा आहे, तो मी पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या बाई