डाव सोडतही नाही, खेळतही नाही : याला मराठीत काय म्हणायचं?

इंदुरातल्या राजेंद्रनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे : "माझा मुलगा मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. डाव त्याच्या बाजूने झुकला की पुष्कळदा समोरचा खेळाडू चालच करत नाही, उरलेली सात-आठ मिनिटं नुसता बसून राहतो. मुलं याला 'स्टॉलिंग' म्हणतात. मी 'वेळकाढूपणा' म्हटलं, तर मुलगा म्हणाला, आई, हे ते नाही. मग काय म्हणायचं? आणि 'स्पोर्ट्समनशिप'ला खिलाडूवृत्ती हा शब्द बरोबर आहे का?"

ताई, मुलाचा कान चांगला आहे. हे खरंच ते नाही.

वेळकाढूपणा करणाऱ्याचा वेळ सरण्यात फायदा असतो. एका गोलने पुढे असलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोपऱ्यात नेऊन अडवून धरतो. कसोटी सामना अनिर्णित राखू पाहणारा फलंदाज हातमोजे बदलायला मागतो. आवडो न आवडो, त्यात हिशेब असतो. बुद्धिबळात मात्र पळत असतं ते त्या बसून राहिलेल्याचंच घड्याळ, आणि ते संपलं की हरणारही तोच. चालढकल, टाळाटाळ हे शब्दही इथे पुरत नाहीत. ते नकोशा कामाचे शब्द आहेत. समोर कोणी खोळंबलेलंच असलं पाहिजे, अशी त्यांत अट नाही. इथे तर सगळा खटाटोप समोरच्याला खोळंबून ठेवण्यासाठीच असतो.

परवा माझ्या भाच्याचं असंच झालं. रामबागेतलं घर, रात्रीचे नऊ. डाव दहा मिनिटांचा. भाच्याकडे वजीर आणि हत्ती, समोर एकटा राजा आणि दोन प्यादी. समोरच्याच्या घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद, याच्या घड्याळात जेमतेम पन्नास सेकंद. आतून बहीण हाक मारते आहे, पानं घेतली आहेत, आणि याला मोबाइल खाली ठेवता येत नाही. ठेवला आणि समोरच्याने तेवढ्यात चाल केली, तर हे पन्नास सेकंद पळायला लागणार. समोरचा निघून गेला असता तर प्रश्न नव्हता. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर प्रतिस्पर्धी डाव टाकून गेला की थोड्या वेळाने जिंकल्याचा दावा करता येतो. पण हा गेलेला नव्हता, बसलेला होता. शेवटचे दहा सेकंद राहिले तेव्हा त्याने खरोखरच राजा एक घर सरकवला. भाचा डोळे लावून बसला होता म्हणून वाचला, नाहीतर जिंकलेला डाव गेला असता. मात करून तो पानावर आला तेव्हा आमटी गार झाली होती आणि चेहरा हरल्यासारखा होता. मला राग आला तो त्या चेहऱ्याकडे बघून.

हे दुखणं मोबाइलने आणलेलं नाही. १८९५ साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या बुद्धिबळ स्पर्धेत माजी जगज्जेत्या स्टाइनिट्झने फॉन बार्डेलेबेन या जर्मन खेळाडूवर विलक्षण सुंदर हल्ला चढवला. मात टळत नाही हे दिसल्यावर बार्डेलेबेन काही न बोलता उठला, सभागृहाबाहेर गेला आणि परतलाच नाही. त्याच्या घड्याळातली वेळ संपून डाव स्टाइनिट्झला मिळाला. मग स्टाइनिट्झने उरलेल्या चाली जमलेल्यांना पटावर मांडून दाखवल्या. शंभराहून अधिक वर्षं झाली तरी त्या डावाबरोबर बार्डेलेबेनचं ते उठून जाणंही सांगितलं जातं.

आता मराठीकडे. पहिला आठवतो तो रडीचा डाव. 'रडी' रडण्यातूनच आली, पण तिचा अर्थ नुसतं रडणं नाही. बाद झाल्यावर ज्याच्यावर राज्य आलं, त्याने ते न घेता कुरकुरणं, वाद घालणं, घरी पळणं म्हणजे रडी. हरण्याचं देणं असतं, ते बुडवणं. आमच्या इंदुरात हिंदी पोरांबरोबर खेळताना 'रोंटी खाणे' कानावर पडायचं आणि आम्ही बिनदिक्कत "ए, रोंटी नको खाऊ" असं मराठीत बोलायचो. पुण्या-मुंबईकडच्या भावंडांची 'अंचई' होती. हे सगळे खेळातल्या लबाडीचे शब्द, पण हे सगळे आरडाओरड्याचे! रडी खाणारा दिसतो, त्याच्याशी भांडता येतं, चार पोरं मिळून त्याला खेळातून काढू शकतात. मोबाइलवरचा हा माणूस गप्प असतो. (खेळ थांबवायची सभ्य रीतही आम्हांला ठाऊक होती. 'टाइमप्लीज' ओरडायचं, कारण सांगायचं, पाणी पिऊन परत यायचं. थांबणाऱ्याने थांबतोय हे सांगायचं, एवढाच नियम.)

म्हणून मी उलट्या बाजूने शोधलं : समोरासमोर पट मांडलेला असताना हरणारा चिडका माणूस काय करतो? तो डाव उधळतो. सोंगट्यांवरून हात फिरवतो आणि उठतो. 'पट उधळणे', 'डाव उधळणे' हे शब्द आपल्याकडे पक्के आहेत. मोबाइलवर पट उधळता येत नाही, सोंगट्यांना हात लागत नाही. मग तोच माणूस डाव कुजवतो.

कुजवणे. फाइल कुजवतात, एखाद्याला बढती न देता वर्षानुवर्षं एकाच टेबलावर कुजवत ठेवतात. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, नुसतं हातात धरून ठेवायचं आणि त्यातला जीव जाऊ द्यायचा. त्या सहा मिनिटांत नेमकं हेच घडत होतं. 'भिजत घोंगडं' चालणार नाही, कारण घोंगडं आळसानेही भिजत पडतं. कुजवण्यामागे हात असतो. तेव्हा कृतीला 'डाव कुजवणे', ज्याच्यावर ती होते त्याला 'ताटकळत ठेवणे', आणि वृत्तीला जुनी 'रडी' आहेच.

एक काळजी मात्र घ्या. हरत असलेला डाव शेवटपर्यंत खेळणं म्हणजे डाव कुजवणं नव्हे. वजीर गेला तरी जो भराभर चाली करतो, राजाला शह नसताना चालच उरू नये आणि डाव बरोबरीत सुटावा म्हणून झटतो, तो झुंजतो आहे. नवशिक्याने तर झुंजावंच. डाव सोडलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास द्यायला मनाई आहे, ती निराळी गोष्ट. फरक चाल होते की नाही यात आहे.

'रिझाइन'ला 'डाव सोडणे' हाच रुळलेला शब्द, 'राजीनामा' नको. पण त्या शब्दाची एक गंमत आपल्या गावात रोज दिसते. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं, आणि इंदूरच्या कोर्टात हिंदीतला राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांतली तडजोड, कारण मूळ फारसी अर्थ राजी झाल्याचा कागद. डाव कुजवणाऱ्याची अडचण तीच आहे. पटावर सगळं ठरलेलं असतं, फक्त तो राजी होत नाही.

राहिली खिलाडूवृत्ती. शब्द अगदी बरोबर आहे, निर्धास्त वापरा. खेळाडू आणि खिलाडू एकाच मुळातले, पण मराठीने त्यांची कामं वाटून दिली : जो खेळतो तो खेळाडू, आणि जिंकणं-हरणं ज्याला मोकळ्या मनाने घेता येतं तो खिलाडू. मला ही वाटणी फार आवडते. बार्डेलेबेन मोठा खेळाडू होता, त्या दिवशी खिलाडू नव्हता, हे मराठीत दोन अक्षरांच्या फेराने सांगता येतं.

वापरताना क्रियापदच ठेवा, 'कुजवणूक' वगैरे नाम बनवायला जाऊ नका. "हरायला लागला की डाव कुजवतो", "सहा मिनिटं डाव कुजवला त्याने", "सोड ना, कुजवतोस कशाला?" मी भाच्याला हा शब्द सांगितला तेव्हा त्याने लगेच विचारलं, "मामा, मग परवा मी रागाने दोन मिनिटं बसून राहिलो होतो, ते पण कुजवणंच ना?" हो म्हटलं, तेही.