पाणी येणार नाही असं शहर

“मॅडम, पुणे, नाशिक की कोल्हापूर? तुम्ही एक सांगा, आम्ही तिथं जातो.”

सांगलीत 2019 च्या महापुरानंतर समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न येऊ लागला. 2021 च्या जुलैत पुन्हा घराघरांत पाणी शिरलं, तेव्हापासून तर वरचेवर. त्यातलंच हे एक कुटुंब, 2024 च्या ऑगस्टमध्ये आलेलं. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. नवरा हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो, पुण्यात त्याला दुसरी नोकरी मिळत होती. बायको घरी ब्लाउज शिवते. मुलगी दहावीत. शिवाय त्याचे वडील, आबा.

नवऱ्याने फोनवर तक्ता करून आणला होता. पगार, घरभाडं, शाळा, दवाखाने, आणि प्रत्येक शहराला दहापैकी गुण. पुणे पहिलं येत होतं. तरी दोन वर्षं निर्णय होत नव्हता, आणि जेवायला बसलं की वाद ठरलेला. तो बोलत होता, ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत गप्प.

मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, झोप कशी लागते? पावसाळ्यात तो रात्री दोनला उठून ‘आयर्विनला किती फूट’, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, ते बघायचा. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरही सांगेल. याला 25 फुटांनाच धडधडायला लागायचं. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आबांना गॅलरीतून बोटीत उतरवताना त्याचा हात सुटला होता. कुणीतरी खालून धरलं म्हणून निभावलं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तिने तिथेच, माझ्यासमोर, पहिल्यांदा ऐकलं.

अशा भीतीला कुठलंच शहर पुरत नाही. कोल्हापूरला पंचगंगा आहे. नाशकात गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आला यावर मोजतात. आणि पुण्यात 2024 च्या 25 जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी आलं होतं. मग विचारायचं ते जागेबद्दल. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. ती कुठून जाते हे महापालिकेत, पाटबंधारे खात्यात विचारता येतं. आणि त्या गल्लीतला जुना किराणा दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो, पाणी इथवर आलं होतं म्हणून. मी तर दुकानदाराला आधी विचारा म्हणते.

तोवर सांगलीतला पावसाळा काढायचाच होता. घरात बसून एक आकडा ठरवून घेतला: 35 फूट झाले की सगळ्यांनी विश्रामबागेत बहिणीकडे जायचं, चर्चा नाही. बहिणीशीही बोलून ठेवलं. पंधरा दिवसांत त्याचं रात्रीचं उठणं कमी झालं.

मग खरा विषय सुरू झाला. प्रत्येकाने वेगवेगळं बसून लिहायचं: पुढच्या वर्षीचा, पुण्यातला एक साधा मंगळवार, उठल्यापासून झोपेपर्यंत. नवऱ्याचं पान भरलं होतं. मुलीने एकच वाक्य लिहिलं, “चालेल, पण बोर्डाच्या परीक्षेआधी नको.” बायकोच्या कागदावर दुपारी दोन ते सहाच्या पुढे नुसती रेघ होती. सांगलीत त्या वेळेला तिच्या दारात चपला मावत नाहीत. लग्नसराईत मशीन रात्री अकरापर्यंत चालतं. “तिथं मला कोण ओळखतंय?” ती म्हणाली. तक्त्यात तिच्या कामाचा रकानाच नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हे असंच असतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बाईचा घरातला धंदा कुणी उत्पन्न म्हणून धरतच नाही. इथं तर मुलीच्या क्लासची फी त्यातून जात होती.

आबा एकदाच आले. “मी सांगली सोडणार नाही,” एवढं म्हणून बसले. निघताना दारात थांबून विचारलं, “तिथं चालत जाता येईल असं गणपतीचं देऊळ आहे का?” नकार पक्का नव्हता. मी मुलाला सांगितलं, आता महिनाभर त्यांच्याशी हा विषय काढू नका.

माझी दोनच मतं मी ठामपणे मांडली. पुराच्या दिवसांत घर विकायला काढू नये, भाव पडलेला असतो आणि डोकंही थाऱ्यावर नसतं. आणि नव्या शहरात आधी 11 महिन्यांच्या करारावर राहावं, घर घेण्याचं नंतर. मुलीची दहावी सांगलीतच झाली. 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे पुण्याच्या कॉलेजचा अर्ज तिने घरूनच भरला.

जागा त्यांनी कोथरूडमध्ये, चढावरची घेतली. निवड बायकोने केली, कारण खाली रस्त्यालाच साड्यांची दोन दुकानं होती. फॉल-पिकोचं काम तिथूनच सुरू झालं. सांगलीच्या जुन्या बायका अजून कुणाबरोबर तरी कापड पाठवतात. आबा दिवाळीपर्यंत विश्रामबागेत राहिले, मग पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. गावभागातलं घर बंद आहे. ते विकायचं की नाही, यावर मतभेद आहेत, पण आता चौघंही बोलतात.